दुसऱ्यांदा वापरलेल्या पाण्यावरचा पालक

(लातूर इथं परसबाग या विषयावर झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तसा साधा आहे. घरी पालक कसा लावायचा? कुणी म्हणेल, यात व्याख्यान कसलं? बी टाकायचं, पाणी घालायचं, महिनाभरानं कापायचं. पुण्यात किंवा कोल्हापुरात हे चालून जाईल. लातुरात मधला शब्द अडतो. पाणी घालायचं. कुठलं पाणी?

12 एप्रिल 2016 ची पहाट इथं बसलेल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली ती त्या दिवशी. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. ज्या गावानं हे पाहिलंय, त्या गावात कुणी उठून ‘कुंडीला रोज पाणी घाला’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येणारच. यायलाच पाहिजे.

म्हणून मी सुरुवात बियाणापासून करणार नाही, हिशेबापासून करते.

हजार लिटरची भाजी

एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफा धरा. तीन चौरस मीटर. गच्चीवर असाल तर तेवढ्या जागेत बसतील तितक्या कुंड्या. आपल्याकडं हिवाळ्यात एका चौरस मीटरमागं दिवसाला साधारण तीन ते चार लिटर पाणी लागतं. काही जमिनीतून उडतं, काही पानांतून. म्हणजे वाफ्याला रोज दहा-बारा लिटर, एक छोटी बादली. तीन महिन्यांचे झाले जवळपास हजार लिटर.

आणि मिळतो किती पालक? चौरस मीटरला एक ते दीड किलो, सगळ्या कापण्या धरून. म्हणजे वाफ्यातून तीन-चार किलो, फार तर साडेचार. एका किलोमागं अडीचशे लिटरच्या आसपास पाणी गेलं. त्या पहिल्या गाडीतलं सगळं पाणी म्हणजे असे फक्त पाचशे वाफे.

आता बाजारातल्या जुडीचा भाव आठवा. पैशासाठी हे करण्यात अर्थ नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लोहासाठी करायचं म्हणाल, तर तिथंही जरा जपून. 100 ग्रॅम पालकात लोह जेमतेम 3 मिलीग्रॅम, आणि त्यातलं अंगी लागतं ते फार थोडं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. हा प्रश्न एका वाफ्यानं सुटणार नाही. पालकातून ‘अ’ जीवनसत्त्व आणि फोलेट चांगलं मिळतं. वरून लिंबू पिळलं तर लोहही थोडं जास्त शोषलं जातं. एवढंच म्हणावं.

मग लावायचा कशाला? कारण पालेभाजी ही पाण्याचीच भाजी. ती कुठल्या पाण्यावर वाढली हे बाजारात कळत नाही, घरच्या वाफ्यात कळतं. आणि दुसरं कारण असं की घरातून रोज मोरीत जाणाऱ्या पाण्यातलं काही पाणी पालकाला चालण्यासारखं असतं. ते आपण ओतून देतो. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, लातुरात पालकाला पाणी द्यायचं नाही, एकदा वापरून झालेलं पाणी द्यायचं. तेवढं पाणी घरात निघत नसेल, तर पालक लावायचा नाही.

आपला पालक कुणाचा भाऊ?

हे जमतं कसं, ते समजून घ्यायला पालकाची जात-कूळ बघावी लागते. आपण ज्याला पालक म्हणतो तो आणि इंग्रजी पुस्तकातला स्पिनच हे एक नव्हेत. स्पिनच मूळचा इराणकडचा. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. काही ठिकाणी त्याला विलायती पालक म्हणतात. आपला गुळगुळीत, रुंद पानांचा पालक हा बीटचा भाऊ. शास्त्रीय नावात दोघंही बीटा व्हल्गॅरिस. दिल्लीच्या पुसा संस्थेचं ‘पुसा हरित’ हे वाण तर साखरबीट आणि देशी पालक यांच्या संकरातून काढलेलं आहे.

याची खूण तुमच्या हातात असते. बी नीट बघा. खडबडीत, बुचासारखं, वेडंवाकडं दिसतं. ते एक बी नसतं, दोन-तीन बियांचा तो गुच्छ असतो. बीटचंही तसंच. म्हणून एका जागी एकच ‘बी’ टाकलं तरी दोन-तीन रोपं वर येतात. लोक म्हणतात, मी तर मोजून टाकलं होतं!

या कुळाशी आपल्या पाण्याचा संबंध आहे. बीटचा रानटी पूर्वज युरोपात समुद्रकाठी वाढतो, खाऱ्या वाऱ्यात, खारवट मातीत. ती सवय कुळात उतरली आहे. मेथी किंवा घेवडा ज्या मचूळ पाण्यावर मान टाकतो, त्या पाण्यावर पालक उभा राहतो. लातूरचं बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग पडतात. तक्रार करत आपण तेच वापरतो. पालक त्यातल्या त्यात समजूतदार भाजी आहे.

पण एक अट आहे. मोठा झालेला पालक खार सोसतो, उगवणारा सोसत नाही. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. बी टाकल्या दिवसापासून बोअरचं पाणी घातलं. दहा दिवस वाट बघितली, दहातली तीन ठिकाणं उगवली. मी दुकानदाराला दोष दिला. दोष पाण्याचा होता. पुढल्या वर्षी त्याच पुडीतलं उरलेलं बी गोड्या पाण्यावर टाकलं आणि वाफा भरून आला. तेव्हापासूनचा नियम असा. उगवण गोड्या पाण्यावर, वाढ जड पाण्यावर. नळाला आलेलं किंवा पावसाचं साठवलेलं चांगलं पाणी पहिले पंधरा दिवसच खर्चायचं. रोपाला चार खरी पानं आली की दुसऱ्यांदाचं पाणी सुरू.

कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही

आता घरातली पाणी एक-एक करून घेऊ.

तांदूळ, दाळ, भाज्या धुतलेलं पाणी सर्वांत उत्तम. चार-पाच लिटर रोज निघतं. मोरीत एक पसरट टोपलं ठेवा, त्यातच धुवायची सवय लावा. मिठाचं उकळलेलं पाणी मात्र यात नको.

दुसरं, आरओ यंत्राचं टाकून दिलेलं पाणी. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण दोन-तीन लिटर बाहेर सोडतं. चार माणसांच्या घरात दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज जातात. लोक विचारतात, त्यात सगळा खार एकवटलेला असतो ना? असतो, पण आपण समजतो तितका नाही. समजा मूळ पाण्याचा टीडीएस 800 आहे. शंभरातलं तीस लिटर शुद्ध निघालं आणि सत्तर बाहेर गेलं. सगळा खार त्या सत्तरात. म्हणजे टीडीएस झाला साधारण 1150. एवढं मोठ्या पालकाला चालतं. घरात मीटर असेल तर माझं माप असं आहे. 1200 पर्यंत थेट घाला. त्याच्या वर गेलं तर निम्मं भाजी धुतलेलं पाणी मिसळा. दोन हजारांच्या वर असेल तर फरशी पुसायला ठेवा, भाजीला नको.

तिसरं, अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी. पालकाला नाही म्हणजे नाही. पालकाचं पान जमिनीला टेकलेलं असतं आणि आपण तेच खातो. अंघोळीच्या पाण्यात काय-काय येतं ते बोलायची गरज नाही. कपड्यांच्या पाण्यात सोडियम असतो. काळ्या मातीत सोडियम साचला की मातीचे कण सुटे होतात, ओली असताना चिकट, वाळली की दगड. आपण जिला चोपण जमीन म्हणतो ती अशीच होते. हे पाणी द्यायचंच असेल तर नारळ, कडुनिंब, शोभेची झाडं यांना द्या, तेही आलटून-पालटून.

आणि पाणी साठवलं तर झाकून ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो. शक्यतो त्या दिवसाचं पाणी त्या दिवशी संपवा.

लक्ष्मीपूजन ते येळवस

लावायचा कधी? पंचांग आपल्या बाजूनं आहे. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, आणि आपली येळवस मार्गशीर्ष अमावास्येला. मध्ये बरोबर दोन महिने, 59 दिवस. दिवाळीत बी टाकलं तर पस्तीस-चाळीस दिवसांनी पहिली कापणी, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुसरी. दुसरी कापणी बरोबर येळवसेच्या भज्जीला! त्या दिवशी शेतात कोप उभी राहते, आंबील असते, आणि भज्जीत दहा भाज्या पडतात. त्यात एक आपल्या वाफ्यातली असू द्या.

माती. आपली काळी माती पालकाला आवडते, कारण ती चुनखडीची, किंचित विम्ल आहे आणि या कुळाला आंबट माती सोसत नाही. पण कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून बसते आणि वाळली की कडेनं फाटते, मग घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू. कुंडी नऊ इंच खोल पुरे, तळाला भोकं हवीतच.

बी. तीन चौरस मीटरला दहा ग्रॅम पुरतं. ‘ऑल ग्रीन’ सगळीकडं मिळतं आणि त्याच्या पाच-सहा कापण्या होतात. माती फारच खारवट असेल तर ‘जोबनेर ग्रीन’ मिळतंय का बघा, ते वाण त्याच कामासाठी ओळखलं जातं. बी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा. बुचासारखं कवच आहे, भिजलं तर लवकर फुटतं. सकाळी ओळी काढा, दोन ओळींत वीत-सव्वावीत अंतर, ओळीत चार बोटांवर एक बी, खोली पेराएवढी. आठवडाभरात उगवतं.

दोन पानांवर रोपं आली की विरळणी करा. एका ठिकाणी एकच ठेवायचं. इथं हात धजत नाही, मला माहीत आहे. पण तीन रोपं ठेवली तर तीन चिंधड्या पानं मिळतात. काढलेली कोवळी रोपं कढीत टाका, वाया काही जात नाही.

आच्छादन ही लातूरची खरी चैन आहे. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं ढिगानं. दोन ओळींच्या मध्ये दोन बोटं जाड पसरा. उन्हानं उडणारं पाणी वाचतं, आणि पाणी घालताना माती पानावर उडत नाही. पाणी संध्याकाळी नको, सकाळी घाला, पानांवर नाही, मुळाशी. रात्रभर पान ओलं राहिलं की ठिपके आलेच.

कापताना जमिनीपासून दोन बोटं सोडून धारदार विळीनं किंवा कात्रीनं कापा. मधला कोंब दुखवू नका. कापणीनंतर मूठ-मूठ गांडूळखत ओळीला द्या. युरियाचा मोह नको. पानं भराभर मोठी होतात, पण त्यांत नायट्रेट साचतं.

थांबायचं कधी

फेब्रुवारी सरता-सरता एक दिवस मधून दांडा वर येतो. लोक खत घालतात, पाणी वाढवतात. काही उपयोग नाही. डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. दिवस लांबायला लागला आणि ऊन तापलं की झाडाला कळतं, आता बी धरायची वेळ झाली. त्याचं ऐका. दोन चांगली झाडं बियांसाठी ठेवा, बाकीची उपटा.

बाजारात पालक बारा महिने मिळतो, मग घरी उन्हाळ्यात का नाही? कारण एप्रिल-मेमध्ये त्याच वाफ्याला दुप्पट पाणी लागतं आणि पान निम्मं मिळतं. ज्या महिन्यांत कुणाच्या तरी गल्लीत टँकर लागलेला असतो, त्या महिन्यांत आपण बादली कुठं ओततो, हा नुसता बागकामाचा प्रश्न राहत नाही. वाफा मोकळा ठेवा, भुसकट तसंच राहू द्या.

मोकळ्या वाफ्याचं एक काम पावसाळ्यात होतं. वर्षभर जड पाणी घातल्यानं मातीत खार साचतो, कुंडीच्या कडेला पांढरी पूड दिसते. त्या कुंड्या जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवा. आपला सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलीमीटर. तो खार धुऊन खाली नेतो, फुकटात. ज्या वर्षी पाऊस दगा देईल, 2014 आणि 2015 ला लागोपाठ दिला तसा, त्या वर्षी खार धुतला जाणार नाही. मग त्या दिवाळीत बी टाकायच्या आधी वरची चार बोटं माती बदला, किंवा सरळ ते वर्ष सोडा. पुढली दिवाळी येतेच.

श्रोत्यांचे प्रश्न

ताई, पानं पिवळी पडतात. काय घालावं?

आधी कुठली पानं पिवळी ते बघा. खालची, जुनी पानं सबंध पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय, गांडूळखत द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळाला उचलता येत नाही. तिथं नुसतं खत वाढवून भागत नाही. शेणखताचं प्रमाण वाढवा, आणि जमिनीत लावत असाल तर एकदा माती तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात सोय असते.

मावा पडला तर फवारणी कुठली?

घरच्या पालकाला विषारी फवारणी नको, आठ दिवसांत तेच पान ताटात येतं. थोडा मावा असेल तर ती पानं तोडून टाका. जास्त असेल तर सगळा वाफा दोन बोटांवर कापा आणि नवीन फुटीवर निंबोळी अर्क मारा. पालकाचं हे बरं आहे, मुंडण केलं तरी परत येतो. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर आत नागअळी आहे. ते पान अळीसकट काढून लांब टाका.

घरात एकाला मुतखडा आहे. पालक द्यावा का?

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि मुतखड्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्यामुळं डॉक्टरांना विचारूनच. उकळून पाणी टाकलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं, पण सगळं जात नाही. तुमच्या घरी मी मेथीच सुचवेन. फक्त तिला जड पाणी चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आमच्याकडं आठ दिवसांआड पाणी येतं. आम्ही लावावा का?

उद्या सकाळी मोरीत टोपलं ठेवा आणि आठवडाभर मोजा. धान्य-भाजी धुतलेलं आणि आरओचं मिळून रोज चार लिटर निघत असेल तर एक चौरस मीटर लावा. आठ लिटर निघालं तर दोन. काहीच निघत नसेल, तर तुमचं घर आधीच पाणी नीट वापरतंय. बाजारातून जुडी आणा, मनात काही ठेवू नका.